कॅमेऱ्यावरचं लाल स्टिकर

बुधवार, संध्याकाळ. निगडी.

सरांचं आजही तेच पालुपद. "मॅडम, ते जुने स्कॅनर भंगारात काढा, ॲप नवीन मोबाइलवर चालवा." जुना स्कॅनर म्हणजे पेट्यांवरचा बारकोड वाचणारं बटणांचं यंत्र. मेमरी एवढीशी, की त्यात मावायला माझं ॲप मी किती वेळा छाटलं ते मलाच ठाऊक. आता मस्त चालतंय. मग का काढू?

आज चाकणच्या कंपनीत नवीन मोबाइलचा डेमो होता. गेटवर सिक्युरिटीने नेहमीसारखं प्रत्येक कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवलं, आत फोटोला बंदी म्हणून. आणि हे मोबाइल बारकोड वाचतात कशाने? कॅमेऱ्यानेच. मी आधीच सांगितलं होतं, तेव्हा सर "बघू" म्हणाले होते. आज बघितलं. पेटीसमोर मोबाइल धरून उभे, स्क्रीनवर काळोख.

स्टोअरचे शिंदेभाऊ म्हणाले, "साहेब, स्टिकरला हात लावू नका, माझी नोकरी जाईल." मी बॅगेतून जुना स्कॅनर काढला. त्याला कॅमेराच नाही, तो लेझरने वाचतो. अख्खी रॅक वाचून दिली.

तरी परत येताना गाडीत सर म्हणतात, "कॅमेऱ्याची परवानगी काढू. तुमचा हट्ट पुरे." हट्ट? चालती वस्तू चालवायची, याला हट्ट म्हणतात? मग आहे हट्ट.

उद्या सकाळी जुने स्कॅनर बंद करण्यावर ऑनलाइन मीटिंग आहे. कंपनीतून बाहेर पडताना मोबाइलवरून सोललेलं ते लाल स्टिकर मी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर लावून ठेवलंय. सरांना दिसेल काळोख. माझं "नाही" मात्र नीट ऐकू जाईल.