तांदळात बसलेले देव

जवाहरनगर, रविवार संध्याकाळ

हे गेल्यावर मिळालेली मुदत संपली. उद्या ह्यांच्या नोकरीचं क्वार्टर सोडायचं. देव तांदळाच्या डब्यात बसवले, सासूबाई प्रवासात न्यायच्या तसे.

प्रमोद मला पुण्याला न्यायला आलाय. मी सासरच्या घरी, बपेऱ्याला जाणार म्हटल्यावर चिडला.

"आई, एकटी कोणाच्या भरवशावर राहशील?"

मी डब्याकडे बोट दाखवलं.

"पडली तं देव नेईल का तुले दवाखान्यात?"

लागलं. हट्ट आहे का माझा? असेल. शाळेत असताना कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, भीती वाटली तर देवाला सांगावं आणि चालत राहावं. सांगितलं. भीती आहेच.

प्रमोदनं डबा गुपचूप स्वतःच्या गाडीत ठेवला होता. मी परत आणला. आता मांडीवर आहे. उद्या एसटीतही मांडीवरच.