अल्ताफचं नाव वाचलं नाही

२६ जानेवारी
झेंडावंदन आठला. दर वर्षीप्रमाणे गावातल्या माजी सैनिकांची नावं मीच वाचली, ग्रामपंचायतीच्या लिपिकाचं ते काम. सात नावं. एकेक जण पुढे येऊन सलामी देतो. रांगेच्या टोकाला शेजारचा अल्ताफ उभा होता. अग्निवीर म्हणून चार वर्षं करून महिन्यापूर्वी परतला, कायम ठेवलेल्यांत तो आला नाही. बूट चकचकीत. नोंदवहीत त्याचं नाव नाही. माजी सैनिक कोणाला म्हणायचं ते राज्याच्या नियमात लिहिलंय, चार वर्षांवाले त्यात बसत नाहीत. वही मिटली. तो तसाच ताठ उभा.

२७ जानेवारी
नळावर अल्ताफची आई, जैतूनवहिनी.
"भाऊ, आमच्या पोराचं नाव घ्याया जीभ जड झाली व्हय? शेख हाय म्हनून?"
नियम आहे म्हणालो.
"बर्फात हुबा केला तवा न्हाई नियम आडवा आला."
तो विचार मनाला शिवलाही नव्हता. पण आता कोण मानेल. संध्याकाळी बुद्धवंदना घेताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, अडकलो. खोटं तर बोललो नाही. तरी...

९ फेब्रुवारी
तालुक्याहून पत्र. राज्य नियम बदलणार, अग्निवीरांनाही माजी सैनिक धरणार. पोलीस भरतीतल्या राखीव जागाही मिळतील. मसुदा जोडलाय, हरकती-सूचना पंधरा दिवसांत. मनात पहिली आली सुजाता. आमची लेकही अग्निवीर, नौदलात, विशाखापट्टणमला. तिची चार वर्षं मे महिन्यात संपतात. आनंद झाला, हे लिहून ठेवतो.

१० फेब्रु.
शेवटचं कलम काल नीट वाचलं नव्हतं. नियम लागू झाल्यानंतर ज्यांची सेवा संपेल त्यांनाच. म्हणजे सुजाता आत, अल्ताफ बाहेर.

१२ फेब्रु.
सरपंचांना दाखवलं. "भाऊ, हितं हात घालू नका. तुमच्या पोरीचं काम आपसूक होतंय. हरकत घेतली की फाईल फिरत बसती, मग दोघंबी गेली." वर हसून, "एवढी वर्षं वहीपरमानं वागलात, आताच काय झालं?"
त्यांचं चुकीचं नाही. फाईल फिरते, मी पाहिलंय.

१५ फेब्रु.
सु.चा फोन. सगळं सांगितलं. म्हणाली, "पप्पा, करायचं ते करा, पण मला विचारून करू नका." जेवलीस का विचारलं. हो म्हणाली. हिला, सु.च्या आईला, अजून काही सांगितलेलं नाही.

२१ फेब्रु.
वडगावला, तालुक्याच्या कार्यालयात जाऊन हरकत दिली. स्वतःच्या नावाने, ग्रा.पं.च्या नाही. लिहिलं की माझी मुलगी या मसुद्यात बसते, शेजाऱ्याचा मुलगा बसत नाही, सेवा दोघांची सारखीच, तारखेची अट काढावी. खिडकीवरच्या बाईंनी न वाचता शिक्का मारला. येताना हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. हिला सांगितलं. ताट वाढून निघून गेली.

१८ मार्च
उत्तर नाही. नियमही नाही. अल्ताफ खंडाळ्याच्या एका हॉटेलात गेटवर लागलाय. आज सुट्टी काढून कचेरीत आला, मोबाइलवर पोलीस भरतीचा अर्ज उघडून. "आई म्हनली, तुमी वडगावला गेलतात." मी खुर्ची पुढे सरकवली.
रकाना होता, माजी सैनिक आहात का.
"काका, काय भरू?"
नाही म्हटलं तर राखीव जागा गेली. होय म्हटलं आणि नियम आला नाही, किंवा आला तो त्याच तारखेसकट, तर अर्जच बाद. दोन दिवस थांब म्हणालो, तालुक्याला विचारतो.
"थांबतो की. मुदत परवापातूरच हाय."
बोट रकान्यावर तसंच धरून बसला होता.