बाबांच्या छातीतलं यंत्र

सेक्टर ६, भिलाई
नोव्हेंबर १९८९

प्रिय अरुण,

मोठी बहीण म्हणून आशीर्वाद आधी लिहायला हवेत. घे, लिहिले. तुझं पत्र मिळालं. बाबा गेल्याचं दुःख दोन ओळींत आटोपलंस आणि पुढे पानभर त्यांचा पेसमेकर मागितलास, तुझ्या संग्रहालयातल्या काचेच्या पेटीसाठी. अक्षर मात्र अजून सुंदर आहे.

गेल्या वर्षी इथे तुझं प्रदर्शन लागलं होतं, आठवतं? बटण दाबलं की प्लास्टिकचं हृदय धडधडायचं, लाल दिवा लुकलुकायचा. लोकांना कौतुक वाटलं, मलाही वाटलं. मग तू बाबांना शर्टाची बटणं काढायला लावून त्याच्या शेजारी उभं केलंस. येणाऱ्याने आधी दिवा बघायचा, मग बाबांच्या छातीला स्टेथोस्कोप लावायचा. पोलाद कारखान्यातल्या रोलिंग मिलचे फोरमन देवराव, ज्यांना बघून माणसं बिडी विझवायची, त्यांच्या छातीवरचा उंचवटा कुणाचीही पोरं बोटाने दाबून बघत होती. मी तुला बाजूला घेऊन बोलले, तर तू हसलास. बाबा उलट मलाच म्हणाले, "पोराचं काम हाय, वसू. मले काय होते उभं राहाले?"

काय झालं ते तुला कळायचं कारण नव्हतं, तू संध्याकाळच्या गाडीने गेलास. त्यानंतर बाबा उघड्या अंगाने कधी नळावर बसले नाहीत. भर मे महिन्यात अंगणातल्या खाटेवर गळ्यापर्यंत बटणं लावून झोपायचे. आणि शेजाऱ्यांना कौतुक सांगायचे ते तुझंच. मला राग यायचा, तुझाही आणि त्यांचाही.

चितेवर ठेवण्याआधी डॉक्टरांनी यंत्र काढून माझ्या हातात दिलं. बंद डबा भट्टीत गेला की फुटतो, हे भिलाईत कुणाला सांगावं लागत नाही. तुझी वाट पाहिली. तू कुठल्याशा उद्घाटनात अडकला होतास. शेवटी राख सावडायला मीच गेले. बाईमाणूस म्हणून लोकांनी नाकं मुरडली, मुरडू देत. अस्थी सोडताना आपल्यात मागे काही ठेवत नाहीत, माणूस सगळा जाऊ द्यायचा असतो. म्हणून ते यंत्र मी त्यांच्याच शर्टात गुंडाळलं, शर्टाची बटणं वरपर्यंत लावली आणि अस्थींबरोबर शिवनाथ नदीत सोडून दिलं. हे तुला कळावं एवढ्यासाठीच लिहिलं. तुझ्या पेटीत दुसरं काही ठेव.

तुझीच, अजूनही,
वसुताई