निळं दार रेनेटच्या ताब्यात

लिहून ठेवते मी, मोरिसेट दलकूर, वय वर्षे एकसष्ट, पूर्वी शाळांच्या फरश्या पुसणारी, राहणार जुन्या वीटभट्टीची गल्ली, लील शहराबाहेर. डोकं ठिकाणावर आहे, फुप्फुसं नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाताळ निघणं कठीण आहे. माझ्यावर कुणी दडपण आणलेलं नाही. आणून मिळणार तरी काय होतं?

स्वतःच्या हातानं लिहिलं की कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, असं बेनेदिक्त सांगते. ही बेनेदिक्त शिकलेली, शहरातली. गल्लीत जाळपोळ झाली त्या वर्षी आली आणि शेजारची गळकी खोली घेऊन राहिली ती राहिलीच. जुने कपडे वाटायला आली नाही, म्हणून मी तिचं ऐकते. पण साक्षीदार मला हवेत, आणि दोन हवेत.

१. राहती बराक नगरपालिकेची आहे, ती मला देता येत नाही. दार मात्र माझं. मी आणलेलं, मी बसवलेलं, मीच निळं रंगवलेलं. ते रेनेट कोद्रों हिला देत आहे. होय, तिलाच. माझा भाचा दिदिए बोंब मारेल. मारू दे.

कारण लिहिते. आमच्या गल्लीत अनोळखी गाडी शिरली की जो आधी बघेल तो पातेलं बडवतो, आणि कुणाचंही नाव विचारलं तरी उत्तर एकच: "नाही बुवा, ओळखत नाही." जप्तीवाल्यांपासून, पोलिसांपासून आम्ही असंच एकमेकांना झाकलं. त्यात रेनेटचा हात धरणारं कुणी नव्हतं.

माझी लेक सोलांज इस्पितळात वारली. तिची ओसेआन तेव्हा तीन वर्षांची, सरकारी बालगृहात होती. आजी सापडली तर पोरगी तिच्याकडे द्यावी म्हणून एक बाई गाडी घेऊन आली. नळावर रेनेट होती. बाईनं माझं नाव घेतलं. रेनेट म्हणाली, "दलकूर? असं इथं कुणी नाही. कधीच नव्हतं." आणि मी आत, ती जप्तीवाली समजून, दिवा मालवून, तोंडावर हात दाबून हसत होते. काय फसवलं बाईला!

पोरगी दूर दुसऱ्या प्रांतात एका कुटुंबाकडे गेली. ती बाई कशाला आली होती ते मला कळलं आणि मी धावले, तर ऑफिसात सांगितलं, "आता ती तिथं रुळलीय." त्यावरून गल्ली दुभंगली. दिदिएनं रेनेटच्या काचा फोडल्या, तिच्या मुलांनी त्याची राहती गाडी, कॅरावॅन, पेटवली. त्यात दिदिएचा डोळा गेला. तेव्हापासून नळाच्या अलीकडचे आमचे, पलीकडचे तिचे.

येत्या मार्चमध्ये ओसेआन अठराची होईल. मग तिला आपले कागद बघता येतात, आणि ती येईल. येईलच. देवा, मला तोवर ठेव, असं रोज म्हणते, पण तो ऐकेल असं वाटत नाही. ती अनोळखी गाडीतून उतरेल, माझं नाव विचारेल, आणि हीच गल्ली सवयीनं म्हणेल, नाही बुवा. ती परत फिरेल. या भीतीनं मला झोप नाही. मरणाची भीती याच्यापुढे काहीच नाही.

काल रेनेटला बोलावलं. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मेलीस की काय बघायला आले."

"अजून नाही. बस."

"बसायला नाही आले."

"दार तुला देतेय."

"डोकं फिरलंय का तुझं? त्या दिदिएला दे की!"

"तो दिवसभर कामावर. तू नळावर असतेस. गल्लीत कोण शिरलं ते आधी तुला दिसतं."

मग म्हणाली, "मी तुझ्यासाठीच खोटं बोलले गं, मोरिसेट."

"ठाऊक आहे. म्हणून तर गळा नाही दाबला तुझा."

"पण गाडी दिसली की माझ्या तोंडून तेच निघतं. तेव्हा काय करू?"

"आत्तापासून सराव कर, बये."

तेव्हा ती आत येऊन बसली, आणि माझी कॉफी पिऊन वर पाणचट आहे म्हणाली.

२. अट अशी: ओसेआन येईल तेव्हा रेनेटनं दार उघडावं आणि आत बसवावं. नगरपालिकेनं बराकी पाडल्या, तर दार बिजागऱ्यांसकट काढून जिथं जाल तिथं लावावं.

३. शेगडी व कॉफीची किटली बेनेदिक्तला. तिची कॉफी माझ्याहून वाईट असते.

४. शवपेटीला नळाच्या अलीकडच्यांनी डावीकडून आणि पलीकडच्यांनी उजवीकडून खांदा द्यावा. दिदिए आणि रेनेटचा थोरला पुढे. कुणी मध्येच सोडलं तर मी चिखलात पडेन, एवढं लक्षात असू द्या.

हे मी राजीखुशीनं लिहिलं. राजीखुशी म्हणायची पद्धत आहे म्हणून.

मोरिसेट दलकूर
जुन्या वीटभट्टीची गल्ली, ९ नोव्हेंबर २०११

साक्षीदार पहिली: मोरिसेट दलकूर यांनी वरील सही माझ्यासमोर केली.
बेनेदिक्त ओर्सेल

साक्षीदार दुसरी: दलकूर मोरिसेट हिला मी ओळखते. ती इथंच राहते. पहिल्यापासून इथंच होती.
रेनेट कोद्रों