हजेरीत तुझं नाव

पोर्झ-ग्वेन,
१९ ऑक्टोबर, रविवार

प्रिय गूलवेन,

तू फोन उचलत नाहीस आणि मीही पुन्हा पुन्हा लावणाऱ्यातली नाही. शेवटी एकाच बापाची मुलं आपण. म्हणून हा कागद. तुमच्या रेयुनियन बेटावर आता उकडायला लागलं असेल. इकडे आठवडाभर धुकं आहे आणि दोरीवर टाकलेले डुबकीचे सूट वाळायचं नाव घेत नाहीत. तू मजेत असशील असं धरून चालते. माझा डावा खांदा दुखावलाय, बाकी ठीक.

आधी गावच्या बातम्या. सफरचंदांना यंदा कीड लागली. सायडर विकत आणावी लागणार, आणि बाबांना तो खानदानाचा अपमान वाटतो. आईच्या थडग्यापाशी तू लावलेल्या निळ्या फुलांनी यावर्षी चांगलाच जोर धरला. खाडीपलीकडचा केर्वेनचा डुबकी क्लब मात्र बंद पडला. त्यांची बोट विकली, पाटी काढली, आणि आता तिथे कुणीतरी सायकली भाड्यानं देतं. आपलं प्रादेशिक मंडळ करायचं तेवढं करतं रे. प्रशिक्षक पाठवतं, विम्याचं बघतं, वर्षाकाठी तपासणीला डॉक्टर आणतं. पण शनिवारी गार वाऱ्यात बोट पाण्यात ढकलायला लागणारी माणसं मंडळ कुठून आणणार?

आपल्या क्लबाला मंडळानं सिलिंडर भरायचा नवा कंप्रेसर दिला. बाबा त्याच्याभोवती फिरून आले आणि म्हणाले, "आवाजच करत नाही. आत काही आहे का नुसतं खोकं?"

फाँश म्हणाला, "तुझ्या डोक्यासारखं आहे, जोब. बाहेरून चकाचक."

सगळे हसले, बाबाही हसले. फाँशला तर तू ओळखतोसच. फेरीबोटीच्या इंजिनावरून निवृत्त झाला, पण बाबांच्या मैत्रीतून काही निवृत्त होत नाही. मला मात्र त्या विनोदावर हसू आलं नाही.

बाबा जरा विसरायला लागलेत. चष्मा, किल्ल्या, गुरुवार की शुक्रवार, असलं. उन्हाळ्यात त्यांनी कॉफीत मीठ घातलं आणि चेहरा न बदलता पिऊन टाकली. मी म्हटलं, वय आहे. मंडळाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाण्यात उतरायची परवानगी नाकारली तेव्हा चार दिवस जेवणावर राग काढला. मग स्वतःच म्हणाले, "बरं, मी बोटीवर बसून तुमच्यावर लक्ष ठेवतो." होडी, हवामान, कोण कधी उतरलं, कोण कधी वर आलं, हे सगळं ते आजवर सांभाळत आले. आमच्यात ते काम येणारं दुसरं कुणी उरलेलंही नव्हतं. एक होता, तो तुमच्या तिकडे हॉटेलातल्या पाहुण्यांना पैसे घेऊन समुद्र दाखवतो.

टोमणा मारायचा नव्हता, पण मारला गेला. राहू दे आता.

तर खांद्याचं सांगते. दोन शनिवारांपूर्वी आम्ही काळ्या खडकापाशी गेलो होतो. माझ्याबरोबर बेकरीवाली मायवेन होती, नवी आहे, या वर्षीच शिकली. डुबकी छान झाली. वर आलो तर लाटा उसळलेल्या, आणि शिडी पकडताना तिच्या पायातली एक रबरी फिन सुटली आणि ओढीबरोबर निघाली. मी तिला वर ढकललं आणि फिनच्या मागे गेले. बोटीच्या मागे थोडंसंच अंतर. मायवेन चढली ती थेट तळाशी आडवी पडून ओकायला लागली. फिन हाताला लागली आणि मी वळले, तर धुक्यात बोट दिसेना. मग इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

मला वाटलं, माझ्याकडेच येतायत. आवाज लांब गेला. मी शिट्टी फुंकत राहिले. इंजिनापुढे शिट्टीचं काय चालणार?

हजेरीचा नियम तुला सांगायची गरज नाही. आपल्या बाबांनीच भांडून तो मंडळाकडून सगळ्या क्लबांना लावून घेतला. इंजिनाला हात लावायच्या आधी नावं पुकारायची, आणि ज्याचं नाव त्यानंच आपल्या तोंडानं 'हजर' म्हणायचं. नवऱ्यासाठी बायकोनं नाही, मित्रासाठी मित्रानं नाही. एकदा तुला उलटी होत होती म्हणून आई तुझ्यासाठी 'हजर' म्हणाली, तर बाबांनी तिला सगळ्यांदेखत झापलं होतं. "समुद्राला आईची माया कळत नाही," असं म्हणाले होते. घरी आल्यावर आईनं त्यांना उपाशी ठेवलं, ते वेगळं.

त्याच बाबांनी त्या दिवशी माझं नाव पुकारलंच नाही.

मला खेकडेवाल्या एका बोटीनं उचललं. पिंजरे ओढायच्या दोरीनं वर घेताना खांदा गेला. दातावर दात आपटत होते आणि हातात ती मूर्ख फिन घट्ट धरलेली होती, सोडवून घ्यावी लागली. धक्क्यावर पोहोचले तेव्हा आपली बोट पुन्हा बाहेर पडायच्या तयारीत होती. किनाऱ्याला लागल्यावर मायवेन शुद्धीवर आल्यासारखी उठून बसली होती आणि तिनं विचारलं होतं, "माझी फिन कुठाय? अझेनोर कुठाय?" तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

फाँश दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन बसला. टोपी काढली नाही, कॉफीला हात लावला नाही.

"बोल की," मी म्हटलं. "बुडालेली मी आणि तोंड तुझं उतरलंय."

"पोरी, जोबनं सगळी नावं बरोबर घेतली. तुझी पाळी आली आणि तो थांबला. मग म्हणाला, गूलवेन."

गूलवेन, तू गेलास त्या दिवशी बाबांनी क्लबात सगळ्यांना बजावलं होतं, याचं नाव यापुढे या बोटीवर घ्यायचं नाही. आणि त्या दिवसापासून ते कुणीच घेतलं नव्हतं, त्यांनी तर नाहीच.

"कुणी काही बोलेना," फाँश म्हणाला. "तो परत म्हणाला, गूलवेन. सगळ्यांकडे बघत होता. त्याचा चेहरा मला बघवेना गं. तुझ्याशी काय लपवू? वाटलं, म्हाताऱ्याची चारचौघांत शोभा नको. मी खाली मान घालून म्हटलं, हजर. तो असा हसला... आणि यादी संपली. मला वाटलं तू पुढे नांगरापाशी आहेस."

दया आली म्हणून त्यानं नियम मोडला. तो सगळ्यांत भला माणूस आहे, आणि त्याच्याच एका शब्दानं मी समुद्रात राहिले.

आणि बाबा? धक्क्यावर त्यांनी स्वतःचा कोट माझ्या अंगावर टाकला. "धुक्यात अशी एकटी कुणी पोहायला जातं का?" म्हणून रागावले. मग कानाशी येऊन हळूच म्हणाले, "गूलवेन आलाय. त्याला काही बोलू नकोस हं, नाहीतर परत निघून जाईल."

मला फार राग आला, गूलवेन. बाबांचा नाही, तुझा. तू गेल्यापासून एक शनिवार मी चुकवला नाही. दर शनिवारी मी 'हजर' म्हणते. आणि त्यांच्या डोक्यातून एक नाव गळायचं होतं, ते माझं गळलं. आठवडाभर तुला शिव्या देत फिरले. आता राग ओसरलाय आणि नुसतं वाईट वाटतंय.

मंडळात सुरक्षिततेचं काम गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. दुसऱ्या कुठल्या क्लबात असं झालं असतं, तर मी त्याच दिवशी कळवलं असतं. अध्यक्ष केर्वेलाबाईंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, "मी काही ऐकलेलं नाही, अझेनोर. तू सांगशील तेव्हाच ऐकेन." भली बाई, पण असल्या भलेपणाचीच आता भीती वाटते. पुढच्या वेळी पाण्यात मायवेन असेल.

म्हणून मी ठरवलंय. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मंडळाची बैठक आहे. तिथे उभी राहून मी सगळं सांगणार. त्यानंतर बाबांना बोटीवर काही सांभाळता येणार नाही. आणि त्यांच्याशिवाय आपला क्लब चालत नाही, म्हणजे केर्वेनच्या पाठोपाठ आपलीही पाटी उतरणार.

हे सगळं मी करेन. एक गोष्ट मात्र माझ्यानं होत नाही. बोटीची किल्ली त्यांच्या गळ्यात आहे. झोपतानाही काढत नाहीत. मी मागितली तर म्हणाले, "ती गूलवेनला द्यायची आहे. आलाय तो. इथेच कुठेतरी असेल." रोज जेवताना ते तुझं ताट मांडतात आणि जेवण झाल्यावर कोरं ताट मीच उचलून ठेवते.

त्यांच्या गळ्यातून ती ओढून काढायची नाही मला. तू ये आणि तुझ्या हातानं घे. बोट चालव म्हणत नाही, राहा म्हणत नाही. किल्ली घे, त्यांच्या शेजारी बसून एकदा जेव आणि जा हवं तर.

फाँशला मी बजावलंय, आता तुझ्यासाठी कुणी उत्तर द्यायचं नाही, त्यानंही नाही आणि मीही नाही. तेव्हा हे पत्र म्हणजे पुकाराच समज. गूलवेन!

ऐकलंस तर स्वतःच्या तोंडानं सांग.

हजर,
तुझी बहीण
अझेनोर