थोरलीचा मार

७ मार्च

ताई,

नमस्कार. मी मजेत. अक्षर कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं आलंय, डाव्या हातानं लिहितेय. का, ते मग सांगते.

गावोगाव भटकून शेवटी इथं टिकलेय. आम्ही अवकाशात धाडायची दुर्बीण घडवतोय, फुटलेल्या ताऱ्यांचे एक्स-रे पकडायला. हे किरण भारी दांडगे. आरसा समोर धरला तर आरपार घुसतात. म्हणून पातळ काचा जवळजवळ किरणांच्या दिशेनंच लावायच्या, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकीत एक. मग ते नुसते घासटून वळतात, तळ्यावर आपण चपटे दगड उडवायचो तसे. तुझा दगड पार पलीकडं जायचा! असो.

दुर्बिणी दोन करतात. एक वर जाते, दुसरी मार खाते. मार खाणारीला सगळे ‘थोरली’ म्हणतात, जाणारीला ‘धाकटी’. परवा थोरलीला टेबलावर बोल्टांनी आवळून रॉकेटसारखं गदगदा हलवलं. आपले दात वाजतात, इतकं. आतली एक काच तडकली, मग एकीनं दुसरीला कापत सगळ्याच गेल्या. आराखडा करणाऱ्या बाई खूश!

“कुठं फुटते ते कळलं. धाकटीचे आधार बदलू.”

“आणि थोरली?”

“तिचं काम झालं गं.”

मला घर सोडलं ती रात्र आठवली. बाबांचा पट्टा दिसला. दारात तू आडवी, आणि मी खिडकीतून पसार.

काल बाबा इथल्या फाटकावर आले. “चल घरी, भटकभवानी!” केस धरून फरफटवलं. माझ्या हातात बोल्ट आवळायचा पाना होता. मारला. हाड काचेसारखंच वाजतं, ताई. ते खाली बसले, तरी पुन्हा मारला. त्याची गरज नव्हती. तिसरा फटका फाटकावर बसला आणि माझीच बोटं चेचली. बाईंनी मागून मिठी घालून ओढलं.

पोलिसांना सगळं सांगितलंय. उद्या परत बोलावलंय, सोडतील की नाही ठाऊक नाही. बाबा आठवडाभर इस्पितळात. मोडलाय तो पट्ट्याचा हात. पण डॉक्टर म्हणतात, जुळेल.

म्हणून घाई कर. त्यांना डबा नेऊ नकोस. नेशील, मला माहितेय, म्हणून सांगतेय. बॅग भर आणि नीघ. मी नसले तरी माझ्या खोलीची किल्ली फाटकावरच्या काकांकडं आहे.

थोरलीचं टेबल आता रिकामं आहे. तू परत त्यावर चढू नकोस.

तुझ्या पाठीआड वाचलेली,
धाकटी