टाचणीएवढ्या डोक्यांवरची धूळ

४ ऑक्टोबर
वही आणून सहा दिवस झाले. लिहायला आज बसतोय. आळस नव्हे, पेन पसंत पडत नव्हतं.
नोकरी पाचवी, वनस्पती-संग्रहालयात. ताईने साहेबांना शब्द दिलाय की भाऊ या वेळी पळणार नाही. काम: झाडांच्या सालीवरची दगडफुलं ओळखणं. केसाएवढा देठ, वर टाचणीहून बारीक डोकं. नमुन्यांची बेचाळीस जुनी पाकिटं, सगळी एकाच घराण्यातली. कोण कुठल्या जातीचं ते लिहायचं. ३१ला यादी बरोबर निघाली तर मी कायम. नाही तर ताई म्हणाली, तोंड दाखवू नकोस.

६ ऑक्टोबर, सकाळी ११
संकल्प: रोज चार पाकिटं. अकरा दिवसांत खलास. उरलेल्या दिवसांत जर्मन शिकणार.

६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५
पाकिटं शून्य. खुर्ची करकरत होती. तेल शोधायला गेलो तर माळीकाका पंप उघडून बसलेले. पंप आता चालतो.

११ ऑक्टोबर
पुस्तक कुचकामी. सगळ्यांचीच डोकी काळी. शेजारच्या टेबलावर शेवाळवाल्या मॅडम एकाच सालीकडे तीन तास बघतात. काय दिसतं विचारलं, तर म्हणाल्या, धीर धर बाळा, दिसेल. मी सव्वीस वर्षांचा आहे.

१७ ऑक्टोबर
अडचण कळली. डोक्यांवर धूळ बसलीय. कुठे पिवळी, कुठे पांढरी, कुठे गंजासारखी. इतक्या वर्षांत कुणाला झाडावंसं वाटलं नाही.

२० ऑक्टोबर
मऊ ब्रश मिळवला. एकवीस पाकिटं लख्ख. मॅडम रजेवर आहेत, नाही तर पाठ थोपटली असती.

२३ ऑक्टोबर
सगळी साफ. आणि शोधच लागला: धूळ गेल्यावर सगळी सारखी. म्हणजे जात एकच. तज्ज्ञांना कुणी ब्रशच दिला नव्हता. ताईला फोन केला, कायम झालो समज. ती रडायला लागली. बरं वाटलं. जरा अवघडही.

२७ ऑक्टोबर
यादी दिली. एका ओळीची. साहेब ती ओळ फार वेळ वाचत होते. मग ब्रश मागितला, भिंगाखाली धरला. म्हणाले, ही धूळ नव्हे, त्यांच्याच अंगची पूड. पिवळी एक जात, पांढरी दुसरी, गंजाची तिसरी. ओळखायची खूण तीच. एका बाईंनी बावीस वर्षं रानं पालथी घालून हे जमवलं होतं.
मी म्हटलं, तिन्ही रंग ब्रशवर आहेत, म्हणजे हरवलं काहीच नाही, फक्त एकत्र झालं. साहेबांनी ब्रश आपल्या खणात ठेवून कुलूप लावलं.

२९ ऑक्टोबर
मॅडम परतल्या. हसल्या नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, देठाच्या बेचक्यात, सालीच्या फटीत थोडी पूड उरली असेल, बघ. चार तास जागचा हललो नाही. सात पाकिटांत सापडली.

३१ ऑक्टोबर, सकाळी १०
एकोणीस ओळखली. तेवीसपुढे ‘माहीत नाही’ लिहिलं. साहेब म्हणाले, कायम होण्याचं विसर. पण ही तेवीस संपेपर्यंत बसलास तर ताईशी मी बोलतो. बसणार. आता कुणी पंप घेऊन आलं तरी उठणार नाही.

सव्वादहा
माळीकाका सांगून गेले, त्या बावीस वर्षंवाल्या बाई आल्यात. मी समजत होतो त्या केव्हाच वारल्या. काठी टेकत जिना चढतायत. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपली पाकिटं उघडली हे कानावर आलं म्हणून मुद्दाम आल्या म्हणे. त्या गुणी पोराला भेटायचंय.